मतपत्रिकेची मागची बाजू

फज्रची नमाज झाल्यावर मी चहाचं आधण ठेवते, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी आदल्या दिवसाची रात्र सुरू झालेली असते. ती अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहते. डेट्रॉइट शहराला लागून जी उपनगरं आहेत, त्यांपैकी एका उपनगरात तिचं घर आहे. उन्हाळ्यात आमच्या घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर असतं. मुलांना झोपवून ती फोन करते आणि मी शाळेची तयारी करता करता बोलते.

त्या दिवशी तिचा आवाज घाईचा होता. म्हणाली, "आपा, एका अर्जावर सही करायची आहे. करू ना?"

अर्ज शाळेबद्दल होता. त्यांच्या भागातल्या शाळांचा कारभार निवडून आलेलं सात जणांचं एक मंडळ बघतं. पटसंख्या घटल्यामुळे एक इमारत बंद करून बाकीच्या शाळांच्या हद्दी नव्यानं आखायचं या मंडळानं मनावर घेतलं होतं. कोणत्या गल्लीतलं मूल कोणत्या शाळेत जाणार, हे त्या हद्दीवर ठरतं. नव्या नकाशात माझा भाचा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जाणार होता. तिथे काळ्या आणि गरीब घरांतली मुलं जास्त. शेजाऱ्यांनी विरोधात अर्ज तयार केला होता आणि गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घरानं सही केली होती.

"अर्जात कुणाच्या रंगाचा उल्लेख नाही हं," ती पुढे म्हणाली. "आपल्या मोहल्ल्याची शाळा, मुलांची सुरक्षितता, घरांच्या किमती, एवढंच लिहिलंय."

मी म्हणाले, "रविवारपर्यंत थांब. मग बोलू."

तिला नवल वाटलं असणार. मी लगेच हो म्हणेन, अशी तिची अपेक्षा होती. पण तिचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. बी.एड. करताना शैक्षणिक मानसशास्त्राच्या तासाला आमच्या बाईंनी बाहुल्यांचा एक प्रयोग सांगितला होता. केनेथ आणि मेमी क्लार्क हे अमेरिकेतलं काळं दांपत्य, दोघंही मानसशास्त्रज्ञ. त्यांनी लहान काळ्या मुलांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. त्यानंतर, तुझ्यासारखी यातली कोणती, असं विचारल्यावर काही मुलं रडू लागली. आमच्या वर्गात तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं.

हा प्रयोग पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात लिंडा ब्राऊन नावाची मुलगी होती. घराजवळच्या शाळेत तिला प्रवेश नव्हता, कारण ती शाळा गोऱ्यांची. काळ्यांच्या शाळेची बस गाठायला तिला रेल्वेच्या यार्डातून चालत जावं लागे. तिच्या वडिलांचा आणि इतर राज्यांतल्या पालकांचे खटले एकत्र चालले. १७ मे १९५४ रोजी सर्व नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की, सरकारी शाळांत वर्णावरून मुलं वेगळी काढणं राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. पालकांच्या बाजूनं उभे राहिलेले प्रमुख वकील होते थर्गुड मार्शल. पुढे ते त्याच न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आपल्याला वाटतं, निकाल लागला म्हणजे प्रश्न मिटला. प्रत्यक्षात भांडण तिथून सुरू झालं.

रविवारी मी बहिणीला लिटल रॉकची गोष्ट सांगितली. आर्कान्सा राज्याची ही राजधानी. १९५७ च्या सप्टेंबरात तिथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलामुलींना प्रवेश मिळाला. राज्यपाल ओर्व्हल फॉबस यांनी शाळेच्या दारात राज्याचे सैनिक उभे केले. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड त्या सकाळी एकटीच शाळेकडे निघाली. बाकीच्यांनी एकत्र जायचं ठरवलं होतं. पण तिच्या घरी फोन नसल्यानं निरोप पोचला नव्हता. सैनिकांनी तिला आत सोडलं नाही आणि मागे जमाव शिव्या देत होता. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी केंद्राचं लष्कर पाठवलं, तेव्हा ती मुलं संगिनींच्या पहाऱ्यात वर्गात गेली.

इथे पक्षांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आजचे अंदाज तेव्हाला लागू पडत नाहीत. मुलांना अडवणारे फॉबस डेमोक्रॅटिक पक्षाचे होते आणि लष्कर पाठवणारे आयझेनहॉवर रिपब्लिकन. गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष रिपब्लिकन. म्हणून दक्षिणेतल्या गोऱ्यांनी पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट पक्षाला मत दिलं. पुढे १९६४ मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली आणि हळूहळू दक्षिणेतला गोरा मतदार दुसऱ्या बाजूला सरकला. पाटी एकीकडची दुसरीकडे गेली. पण माझं मूल कुणाशेजारी बसेल, ही भीती पक्ष बदलूनही तशीच राहिली.

लिटल रॉकची ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला त्यानंतरचं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबर १९५८ मध्ये फॉबस यांनी शहरातली चारही हायस्कूलं बंद केली. काळी मुलं नकोत म्हणून शाळाच नको! मग लोकांचं मत घेतलं गेलं. एकत्र शाळांच्या बाजूनं ७,५६१ मतं पडली आणि विरोधात १९,४७०. सुमारे ३,७०० मुलांचं वर्ष गेलं. करार झालेले असल्यामुळे शिक्षक मात्र रोज शाळेत येत आणि रिकाम्या वर्गांत बसून राहत. शाळेचा फुटबॉल संघ तेवढा खेळत होता. मी शिक्षिका आहे; बाकं रिकामी असलेला तो वर्ग मला डोळ्यांपुढे आणवत नाही.

ती शाळा कुणी उघडली? न्यायालयानं तर उघडलीच. पण त्याआधी शहरातल्या काही बायका एकत्र आल्या होत्या. ॲडॉल्फिन फ्लेचर टेरी नावाच्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईंच्या पुढाकारानं त्यांनी समिती काढली. सभासदांची यादी त्या गुप्त ठेवत, कारण नाव बाहेर पडलं तर नवऱ्याची नोकरी आणि धंदा धोक्यात. ही समिती फक्त गोऱ्या बायकांची होती, काळ्या बायकांना तिच्यात जागा नव्हती, हेही सांगायला हवं. धाडसालासुद्धा मर्यादा असतात.

मे १९५९ मध्ये शाळा मंडळातल्या तीन वर्णद्वेष्ट्या सभासदांनी ४४ शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना कामावरून काढायचं ठरवलं. ते एकत्र शाळांच्या बाजूचे असल्याचा संशय होता. त्यावर शहर जागं झालं. ज्यांना काळ्या मुलांबद्दल काही वाटत नव्हतं, त्यांनाही आपल्या मुलांच्या बाईंना घरी बसवलेलं खपलं नाही. बायकांनी मतदारयाद्या घेतल्या, फोन केले, घरोघरी फिरल्या. मंडळातले सभासद परत बोलावण्यासाठी २५ मे रोजी मतदान झालं. थोड्याच फरकानं, पण ते तिघे गेले आणि शाळा उघडाव्यात असं मानणारे तिघे राहिले. पुढच्या महिन्यात शाळा बंद ठेवणारा कायदा न्यायालयानं रद्द केला आणि ऑगस्टमध्ये वर्ग भरले. काळी मुलं मोजकीच होती. पण दार उघडलं होतं.

बहीण शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आपा, ते दक्षिणेतलं झालं. आमचं मिशिगन तसं नाही. इथे असा कायदा कधीच नव्हता."

तिचं म्हणणं अर्धं खरं होतं. मिशिगनमध्ये काळ्यांची शाळा वेगळी असावी, असा कायदा नव्हता. ते काम घरांनी केलं. डेट्रॉइटच्या उत्तर टोकाला एट माइल नावाचा रस्ता आहे. त्याच्या जवळ १९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकानं सहा फूट उंचीची, सुमारे अर्ध्या मैलाची भिंत बांधली. एका बाजूला काळ्यांची वस्ती होती आणि दुसऱ्या बाजूला त्याला गोऱ्यांसाठी घरं विकायची होती. भिंतीशिवाय सरकारी हमीचं कर्ज मिळत नव्हतं. ती भिंत अजून उभी आहे. वस्त्या अशा वेगळ्या झाल्या की घराजवळची शाळा आपोआप वेगळी होते. मग कायदा कशाला लागतो?

यावर उपाय म्हणून न्यायालयांनी मुलांना बसनं दुसऱ्या भागातल्या शाळांत पाठवायचे आदेश दिले आणि उत्तरेतला शांतपणा संपला. डेट्रॉइटजवळच्या पाँटिॲक शहरात ऑगस्ट १९७१ मध्ये शाळेच्या दहा बसगाड्या स्फोटकांनी उडवल्या गेल्या. या प्रकरणात कू क्लक्स क्लॅनशी संबंधित माणसांना शिक्षा झाली. पण सगळे विरोधक बॉम्ब टाकणारे नव्हते. त्याच पाँटिॲकमधल्या आयरीन मॅकेब या गृहिणीनं बसच्या विरोधात मोठं आंदोलन उभं केलं आणि १९७२ मध्ये काही मातांना घेऊन ती वॉशिंग्टनपर्यंत पायी गेली. आईपणाचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला होता. लिटल रॉकच्या बायका आई म्हणून शाळा उघडायला निघाल्या होत्या, आणि या बायका आई म्हणून बस अडवायला.

राजकारणी हे बघत होतेच. वर्णभेदाचे उघड समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी त्याच मे महिन्यात मिशिगनमधली डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकली. दक्षिणेतली नव्हे, मिशिगनची! मुलांना अशा तऱ्हेनं बसनं पाठवायला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा विरोध होताच. डेमोक्रॅट पक्षातही अनेकांनी पाय मागे घेतले. त्या काळात सिनेटर असलेल्या जो बायडन यांनीही बसला विरोध केला होता. २०१९ च्या जूनमध्ये कमला हॅरिस यांनी टीव्हीवरच्या चर्चेत त्यांना त्याची आठवण करून दिली, कारण त्या स्वतः लहानपणी कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये अशाच बसनं शाळेत गेल्या होत्या.

डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायाधीश रॉथ यांनी म्हटलं होतं की, शहरात आता बहुसंख्य मुलं काळी आहेत, त्यामुळे एकट्या शहरात मुलं इकडची तिकडे करून काही होणार नाही; आजूबाजूची ५३ उपनगरी शाळा-क्षेत्रंही यात घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ जुलै १९७४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: उपनगरांचा दोष सिद्ध झालेला नाही, त्यांना यात ओढता येणार नाही. त्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांना निक्सन यांनी नेमलं होतं. उरलेल्या चौघांत थर्गुड मार्शल होते. वीस वर्षांपूर्वी जिंकलेला खटला ते आता न्यायासनावर बसून हरत होते. आपण आपली शहरं दोन तुकड्यांत विभागू देत आहोत, एक गोरा आणि एक काळा, आणि याचा पश्चात्ताप होईल, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं.

"म्हणजे आमचं उपनगर..." बहीण म्हणाली आणि थांबली.

"हो. तुमच्यासारखीच उपनगरं."

इथवर मी शिक्षिका होते आणि ती विद्यार्थिनी. मला वाटलं, आता ती सही करणार नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "आपा, एक विचारू? तुम्ही स्वतः काय केलं असतं?"

तिला ठाऊक नव्हतं, पण मी काय केलं होतं ते मला पक्कं आठवत होतं.

माझी मुलगी तिसरीत होती, मी शिकवत होते त्याच शाळेत. जवळची एक शाळा बंद पडली आणि तिथली तीसेक मुलं आमच्याकडे आली. बहुतेक रेल्वेरुळांपलीकडच्या वस्तीतली. जागा होती म्हणून त्यातली बरीच 'ब' तुकडीत बसवली. माझी मुलगी 'ब'मध्येच होती. दोन दिवसांनी मी मुख्याध्यापकांना भेटले आणि म्हटलं, "सर, हिची मैत्रीण 'अ'मध्ये आहे. हिला तिकडे बसवाल का?" मैत्रीण खरोखर 'अ'मध्ये होती. सर हसले आणि त्यांनी हजेरीपटात नाव बदललं. माझ्यासारखे आणखी चार-पाच पालक येऊन गेले, प्रत्येकाकडे असंच एखादं साधं कारण होतं. दिवाळीपर्यंत 'ब' तुकडी फक्त त्या वस्तीची झाली. कुणी ठराव केला नव्हता. कुणी कुणाला हाकललं नव्हतं.

एक दिवस मुलीनं विचारलं, "अम्मी, 'ब'मधली मुलं वाईट आहेत का?" मी म्हटलं, "नाही गं." ती म्हणाली, "मग मला का काढलं?"

त्यावर मी तिला अभ्यास कर म्हणून सांगितलं. बी.एड.च्या वर्गात बाहुल्यांची गोष्ट ऐकून गप्प झालेली मुलगी ती मीच. हज्जच्या दिवसांत आखरी खुत्ब्याबद्दल मुलांना दरवर्षी शिकवणारी, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही हे फळ्यावर लिहिणारीही मीच.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. फोनवर बराच वेळ आवाज नव्हता.

मग ती म्हणाली, "आमच्या मशिदीत एक बाई येतात. डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या, काळ्या. जुम्याला आम्ही कितीदा एका सफमध्ये शेजारी उभ्या राहिलोय. मला बाळंतपणात पहिल्यांदा डबा त्यांनीच आणला. आपा, त्यांचा मुलगा त्याच शाळेत आहे. रस्त्यापलीकडच्या."

तिनं सही केली नाही. पण मी एवढं बोलले म्हणून तिची काळजी खोटी ठरत नाही, हेही मला मान्य करायला हवं. त्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक टिकत नाहीत, सकाळची बस उशिरा येते, हे तिनं त्या बाईंकडूनच ऐकलं. म्हणजे मुलं वाईट नव्हती. शाळेकडे लक्ष कमी होतं. मंडळाच्या सभेत कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. दोघी मिळून गेल्या. बहिणीनं कागदावर लिहून नेलं होतं: हद्दी बदला, आमची हरकत नाही; पण दोन्ही शाळांना सारखे शिक्षक आणि वेळेवर बस द्या. बोलताना हात थरथरत होते, असं ती म्हणाली. मंडळानं निर्णय पुढे ढकलला. शेजारची एक बाई आता तिच्या मुलाला गाडीतून शाळेत सोडत नाही. बहीण स्वतः सोडते.

तिला गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. येत्या नोव्हेंबरात ती पहिल्यांदा मत देईल. त्यांच्याकडे मतपत्रिकेवर सर्वांत वर एक खूण केली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. पण शाळा मंडळाच्या उमेदवारांपुढे पक्षाचं नाव नसतं. ती नावं खूप खाली, बहुधा मागच्या बाजूला असतात आणि तिथे वेगळी खूण करावी लागते. वर एक खूण करून माणसं निघून जातात, आणि मुलांच्या शाळेचा निर्णय मागची बाजू बघणारे थोडे लोक करतात.

आपल्या लोकांनाही तिथे आता मोठ्या जागा मिळू लागल्या आहेत. २०२१ च्या निवडणुकीत डिअरबॉर्नला अरब वंशाचा मुस्लिम महापौर मिळाला, आणि जवळच्या हॅमट्रॅम्कची नगर परिषद संपूर्ण मुस्लिम सभासदांची झाली. आनंद वाटतो. पण खुर्चीवर आपला माणूस बसला, एवढ्यानं रस्त्यापलीकडच्या मुलाचं भलं होतंच असं नाही. ते आपण त्या खुर्चीकडे काय मागतो, यावर ठरतं.

आमच्या शाळेत पालकसभा होते तेव्हा ४२ मुलांच्या वर्गातून सात-आठ पालक येतात. या वर्षी मी निरोपाची चिठ्ठी पाठवून थांबले नाही. रुळांपलीकडे जाऊन आले, वीस घरांची दारं वाजवली. एका घरात चहा पाजला. त्या घरातली आई म्हणाली, "बाई, आम्हाला वाटायचं, सभा तुमच्या लोकांची असते."

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. हा लेख छापायला पाठवण्याआधी मी तिला वाचायला दिला. तिनं वाचून कागद परत केला आणि म्हणाली, "अम्मी, 'ब'मध्ये माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. तिचं नाव मला अजून आठवतं." तिनं नाव सांगितलं. जुना हजेरीपट काढून त्या मुलीचा पत्ता शोधायचं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.